घट्टपणा कुणाचा? कणांनी सावरलेल्या एका इमल्शनचं प्रकरण

सुरुवात भांडणाने झाली, आणि भांडण दोन यंत्रांचं होतं. बाटली तीच, इमल्शन (पाण्यात तेलाचे बारीक थेंब) तेच. आमच्या रिओमीटरवर, म्हणजे पदार्थ किती ताणाला कसा वाहतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ते ३ पास्कल ताणालाच वाहू लागायचं. शेजारच्या विभागातल्या रिओमीटरवर १२ पास्कलपर्यंत जागचं हलायचं नाही. चौपट फरक. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी दोन्ही आलेख घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, यातलं खरं कुठलं धरू?" मी सवयीने म्हणाले, कॅलिब्रेशन तपास. कॅलिब्रेशन दोन्हीकडे ठीक निघालं. मग मात्र नीट बसून बघावं लागलं. त्या बघण्यात यील्ड स्ट्रेसचा, म्हणजे पदार्थ ज्या ताणाला वाहू लागतो त्याचा, तिढा आठवड्याभरात सुटला, पण त्याच्या मागे लपलेली खरी चूक बाहेर यायला आणखी दोन महिने गेले. त्या चुकीत माझाही वाटा आहे, कारण ती चूक ज्या आलेखात होती तो मी आधी पाहिला होता आणि मान डोलावली होती.

आधी पदार्थाबद्दल. ४० मिलिलिटर डोडेकेन (हे आमचं तेल), ६० मिलिलिटर पाणी, पाण्यात लिटरमागे ५० मिलिमोल मीठ आणि सिलिकाचे गोल कण. कणांचा व्यास १०० नॅनोमीटर. सिलेन नावाचं रसायन लावून त्यांचा पृष्ठभाग थोडासा पाण्याला नाराज केलेला, पण पूर्ण तेलाच्या बाजूला झुकवलेला नाही. तशीच प्रक्रिया केलेल्या सपाट काचपट्टीवर मोजलेला स्पर्शकोन, म्हणजे पृष्ठभाग पाण्याला किती नाराज आहे याचं माप, ७० अंशांच्या आसपास. (प्रत्यक्ष कणावर तो मोजणं हा वेगळाच उपद्व्याप आहे, काचपट्टीवरचा आकडा आपण कणाला उसना देतो, एवढं लक्षात असलेलं बरं.) कोन ९० अंशांपेक्षा कमी, म्हणजे कणाचा मोठा भाग पाण्यात बुडालेला राहतो आणि तेलाचे थेंब पाण्यात तयार होतात. कोन ९०च्या पुढे गेला की उलट, पाण्याचे थेंब तेलात. हा संबंध फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड यांनी १९२३ सालीच मांडला होता.

साबणासारखा सर्फॅक्टंट इथे टिपूसभरही नाही. थेंबांना एकमेकांत मिसळण्यापासून रोखतात ते कणच, आणि तेलपाण्याच्या सीमेवर ते किती घट्ट बसतात याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. कणाला सीमेवरून उपटून पाण्यात ओढायला लागणारी ऊर्जा कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमचा कण ५० नॅनोमीटर त्रिज्येचा, आंतरपृष्ठीय ताण (तेलपाण्याच्या सीमेचा ताण) मीटरला ५० मिलिन्यूटन, कोन ७० अंश. ही ऊर्जा खोलीच्या तापमानातल्या औष्णिक ऊर्जेच्या, म्हणजे केटीच्या, सुमारे ४१ हजार पट निघते. सर्फॅक्टंटचा एक रेणू सीमेवर येतो आणि जातो तो काही केटींच्या खेळात. हा कण एकदा बसला की बसला. पुढे आम्ही जी युक्ती केली ती या ४१ हजारांच्या भरवशावर.

अशा इमल्शनला पिकरिंग इमल्शन म्हणतात. एस. यू. पिकरिंग यांचा निबंध १९०७चा. वॉल्टर रॅम्सडेन यांनी द्रवांच्या पृष्ठभागावर घन पदार्थाचे थर जमतात आणि त्यामुळे इमल्शन टिकतं, हे १९०३ सालीच लिहून ठेवलं होतं, पण नाव चिकटलं ते पिकरिंगचं. विज्ञानात बारसं कुणाचं होईल सांगता येत नाही.

आता विद्यार्थिनीचा दावा. तिने सिलिका १ ग्रॅमपासून ४ ग्रॅमपर्यंत वाढवत नेलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. कण वाढले तसे थेंब लहान होत गेले: १ ग्रॅमला सरासरी व्यास ३३ मायक्रोमीटर, २ ग्रॅमला १७, ३ ग्रॅमला १५, ४ ग्रॅमला १४. आणि थेंब लहान झाले तसं इमल्शन ताठ होत गेलं. अगदी कमी विरूपणाला (आकार जेमतेम बदलेल इतपतच हलवून) मोजलेलं ताठपणाचं माप, स्थितिस्थापक गुणांक, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत सगळे जी-प्राइम म्हणतात तो, अनुक्रमे २, ६, २४ आणि ८५ पास्कल. निष्कर्ष हातात तयार: थेंब जितका लहान तितका आतला दाब जास्त, तितकं इमल्शन ताठ. पुस्तकात आहे तसंच. १ ग्रॅमचं इमल्शन बाटली तिरकी केली की पातळ वाहायचं, ४ ग्रॅमचं बाटली उलटी धरली तरी तळाला चिकटून राहायचं. डोळ्यांनी दिसत होतं, मग शंका कशाला घ्यायची?

घसरगुंडी

पहिल्यांदा यंत्रांचं भांडण मिटवलं. रिओमीटरमध्ये नमुना दोन चकत्यांच्या मध्ये दाबून वरची चकती फिरवतात. आमच्या रिओमीटरच्या चकत्या गुळगुळीत स्टीलच्या होत्या. शेजारच्या विभागात चिकणमातीच्या गाळावर काम चालतं, त्यामुळे तिथल्या चकत्या वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेल्या. एवढा एकच फरक, आणि तो आम्हाला सुचायला दोन दिवस लागले.

एका सकाळी चकत्यांच्या मध्ये नमुना दाबून बसवला, कडेने बाहेर आलेला भाग पात्याने साफ केला, आणि बारीक सुईने कडेवर काजळी मिसळलेल्या इमल्शनची एक उभी रेघ ओढली. वरच्या चकतीपासून खालच्या चकतीपर्यंत, मिलिमीटरभर उंचीची. मग ४ पास्कल ताण लावला आणि दोघी भिंग धरून बसलो. पदार्थ खरोखर वाहत असता तर रेघ तिरकी झाली असती, पत्त्यांचा कॅट हाताने सरकवावा तशी. रेघ उभीच राहिली. वरची चकती तिच्यापासून सुटून पुढे निघून गेली, आणि मधला सगळा नमुना ठोकळ्यासारखा एकसंध राहिला. यंत्र मात्र इमानेइतबारे नोंदवत होतं: शिअर रेट, म्हणजे पदार्थ विरूप होण्याचा वेग, सेकंदाला २.

मग चकत्यांमधलं अंतर १ मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरवर आणलं. ताण तोच, ४ पास्कल. शिअर रेट सेकंदाला ४. अंतर निम्मं, रेट बरोबर दुप्पट. पदार्थ स्वतः वाहत असता तर या आकड्याला अंतराशी काही देणंघेणं नसतं. म्हणजे मोजली गेली ती निव्वळ घसरण. चकतीलगत थेंब आणि कण पुरेसे चिकटून बसू शकत नाहीत, तिथे पाण्याचा एक पातळ थर उरतो, आणि सगळं काम तो थर करतो. त्याची जाडीही काढता आली. दोन्ही चकत्यांशी मिळून सेकंदाला २ मिलिमीटर, म्हणजे एकेकीशी १ मिलिमीटर घसरण, पाण्याची स्निग्धता माहीत, ताण माहीत. उत्तर आलं पाव मायक्रोमीटर. इतक्या पातळ पाण्यावर आमचा तीन पास्कलचा यील्ड स्ट्रेस उभा होता.

घसरण ही काही नवलाची गोष्ट नाही. मूनी यांनी नळीतल्या प्रवाहासाठी तिचा हिशोब १९३१ साली दिला. समांतर चकत्यांसाठी दोन वेगवेगळ्या अंतरांवर मोजून तो कसा करायचा हे योशिमुरा आणि प्रुडोम यांनी १९८८ साली लिहिलं. तरी दरवेळी माणूस पहिल्यांदा पदार्थावरच संशय घेतो. आम्ही खरखरीत चकत्या बसवल्या, अंतर १ मिलिमीटर ठेवलं म्हणजे सर्वात मोठा थेंबही त्यात तीसेकदा मावेल, पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून झाकण घातलं, आणि दोन्ही यंत्रं १२ पास्कलवर एकमेकांशी जुळली. यील्ड स्ट्रेस नावाची गोष्ट मुळात असते का, यावर बार्न्स आणि वॉल्टर्स यांनी १९८५ साली जो वाद पेटवला तो मी इथे उकरत नाही. आपण थांबतो तेवढ्या वेळात पदार्थ वाहिला नाही, इतकाच अर्थ मी त्या शब्दाचा घेते.

जी-प्राइमचे आकडे घसरणीने फारसे बिघडले नव्हते. ते इतक्या कमी विरूपणाला मोजलेले की चकतीचा हात सुटायची वेळच येत नव्हती. त्यामुळे २, ६, २४, ८५ ही मालिका खरखरीत चकत्यांवरही तशीच आली, आणि विद्यार्थिनीला हायसं वाटलं. मलाही.

उभा चढ

तिने नवे आकडे घालून आलेख पुन्हा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. जुना आलेख दोन्ही अक्षांवर लॉगमध्ये होता (दर दहापटीला सारखंच अंतर), बिंदू जाड होते, आणि त्यांच्यातून एक सरळ रेघ गेली होती. या वेळी तिने साध्या प्रमाणात काढला. जाड बिंदू बारीक झाले आणि रेघ नाहीशी झाली. १७, १५ आणि १४ मायक्रोमीटर, तीन बिंदू जवळजवळ एकावर एक, भिंतीवर शिडी लावावी तसे.

थेंब १७ वरून १४ वर आला म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा लहान झाला नाही. आणि जी-प्राइम ६ वरून ८५. चौदा पट!

थेंबाच्या आतला हा दाब, लाप्लासचा दाब, व्यासाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. व्यास वीस टक्क्यांनी कमी झाला तर दाब पंचवीस टक्क्यांनी वाढेल. चौदा पट कुठून आणायचे? तिच्या मसुद्यात ज्या सूत्राचा आधार होता ते मेसन, बिबेट आणि वाइट्झ यांचं १९९५चं काम. त्यात इमल्शनचा ताठपणा दोन गोष्टींवर ठरतो: एक आंतरपृष्ठीय ताण भागिले त्रिज्या, आणि दुसरी, थेंबांनी व्यापलेला घनफळाचा हिस्सा साधारण ०.६४च्या किती वर गेला आहे. ०.६४ म्हणजे गोळे अस्ताव्यस्त पण गच्च भरले की होणारी दाटी. त्याच्या वर थेंबांना एकमेकांना चेपावं लागतं, चेपलेला थेंब उलट रेटतो, आणि तो रेटा म्हणजे ताठपणा. आमच्या बाटलीत तेल ०.४०. तिथे थेंब एकमेकांना चेपतच नाहीत. सूत्रात ०.४० घातलं तर उत्तर वजा येतं. त्याचा अर्थ इतकाच की ते सूत्र या पदार्थाबद्दल बोलतच नाही. हे तिला माहीत होतं, मलाही होतं. "प्रमाण बदलेल, पण कल तोच राहील" असं म्हणून आम्ही दोघींनी ते बाजूला सारलं होतं.

दुसरी खूण बाटलीतच होती. ४ ग्रॅमचा नमुना तीन आठवडे फळीवर उभा होता आणि त्यात वर साय आली नव्हती. कणांचं चिलखत धरूनही थेंब पाण्यापेक्षा बराच हलका. १४ मायक्रोमीटरचा एकटा थेंब साध्या पाण्यात तासाला सुमारे आठ सेंटीमीटर वर चढेल. गर्दीत वेग दहाव्या हिश्श्यावर येतो, तरी दिवसाभरात बाटलीत वर-खाली फरक दिसायलाच हवा. दिसत नव्हता. थेंबांमधलं पाणी नुसतं पाणी नव्हतं. त्यात थेंबांना धरून ठेवणारं काहीतरी होतं. आणि एवढ्याशा थेंबाला धरायला पास्कलच्या शतांश भागांतला यील्ड स्ट्रेस पुरतो.

ते काहीतरी म्हणजे काय, याचं उत्तर तिच्याच वहीत होतं. कणांनी सावरलेल्या इमल्शनमध्ये होमोजिनायझर (तेल-पाणी जोरात घुसळून थेंब पाडणारं यंत्र) थांबला की थेंब लगेच स्थिर होत नाहीत. ते अर्धवट झाकलेले असतात, एकमेकांत मिसळतात, एकूण पृष्ठभाग कमी होतो, आणि असलेले कण त्या पृष्ठभागाला पुरे पडले की मिसळणं थांबतं. म्हणून थेंबाचा व्यास कणांच्या वजनावरून आधीच सांगता येतो. सिलिकाची घनता २.२, कण गच्च एकेरी थरात बसले असं धरलं तर १ ग्रॅमला ३२ मायक्रोमीटर, २ ग्रॅमला १६, ३ ग्रॅमला साडेदहा, ४ ग्रॅमला ८. तिने मोजलेले ३३ आणि १७ या हिशोबाला छान जुळतात. १५ आणि १४ जुळत नाहीत. कारण साधं आहे: आमचा होमोजिनायझर त्या वेगाला १४च्या खाली थेंब फोडूच शकत नव्हता. कण होते, पण त्यांना बसायला तेवढा पृष्ठभागच तयार होत नव्हता.

मग उलटा हिशोब. १४ मायक्रोमीटरचे थेंब झाकायला २.२६ ग्रॅम लागतात. घातले ४. उरले १.७४ ग्रॅम. ३ ग्रॅमच्या नमुन्यात उरले ०.८९, २ ग्रॅममध्ये ०.१४, आणि १ ग्रॅममध्ये जवळजवळ काहीच नाही. आता जी-प्राइम थेंबाच्या व्यासाऐवजी या उरलेल्या कणांसमोर मांडून पाहिला. शिडी गेली, साधा चढता वक्र आला.

इथे ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी एका वेळी एकच गोष्ट बदलतेय असं समजत होते, आणि बदलत होते दोन." बरोबर तेच. सिलिका वाढवलं की थेंब लहान होतात आणि शिल्लकही वाढते. दोन्ही हात धरून येतात, म्हणून मालिका कितीही लांबवली तरी श्रेय कुणाचं ते कळणार नाही. दोघांना वेगळं करावं लागणार होतं.

धुणं

वेगळं करायचा मार्ग म्हणजे इमल्शन धुणं. ऐकायला विचित्र वाटतं, आणि सर्फॅक्टंटच्या इमल्शनला ते सोसवतही नाही: बाहेरचं पाणी बदललं की सीमेवरचे रेणू पाण्यात उतरून समतोल साधायला बघतात आणि थेंब उघडे पडतात. इथे मात्र ४१ हजार केटी आपल्या बाजूने. पाणी कितीही वेळा बदला, थेंबावरचे कण उठणार नाहीत. निघून जातील ते मोकळे कण.

पहिला प्रयत्न फसला. तिने ४ ग्रॅमचं इमल्शन मीठ घातलेल्याच पाण्याने दहापट सौम्य केलं, का तर परिस्थिती बदलायला नको. मिठामुळे कणांचे गठ्ठे सुटलेच नाहीत. थेंबांच्या झुबक्यांना लटकून तेही वर आले. दुसऱ्या वेळी मीठ नसलेलं आणि किंचित अल्कधर्मी पाणी घेतलं. सिलिकावर ऋणभार असतो. मीठ पातळ झालं की तो भार दूरपर्यंत जाणवू लागतो. ५० मिलिमोलला दीडेक नॅनोमीटर असलेली त्याची पोच दहापट सौम्य केल्यावर चारेक नॅनोमीटर होते. कण एकमेकांना दूर लोटू लागतात. हलक्या हाताने फिरवून सेपरेटिंग फनेलमध्ये ओतलं आणि वाट पाहिली.

अर्ध्या तासात पांढरी साय वर जमली, आणि खाली राहिलेलं पाणी दुधी गढूळ. थेंबामुळे आलेला तो पांढरेपणा नव्हता; सूक्ष्मदर्शकाखाली एकही थेंब नाही. हे कण इतके बारीक की दिवसभरात अर्धा मिलिमीटर खाली बसतील, त्यामुळे पाणी गढूळच राहतं. तोटी सोडून ते बाजूला काढलं. दुसऱ्यांदा धुतलं तेव्हा पाणी ताकाच्या निवळीसारखं, तिसऱ्यांदा फिकट निळसर, चौथ्यांदा जवळपास नितळ. सगळं काढलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, गाळ मिठापासून धुऊन, वाळवून वजन केलं: १.६ ग्रॅम. कागदावरचा आकडा १.७४ होता. एका ओळीच्या हिशोबातून याहून जवळ जाता येईल असं मला वाटत नाही.

धुतलेल्या सायीत पुन्हा मीठाचं पाणी घालून तेल ४० टक्क्यांवर आणलं. थेंबांचा व्यास मोजला: १४.५. म्हणजे धुताना थेंब फुटले नाहीत, मिसळलेही नाहीत. कुणी आक्षेप घेणार तर पहिला हाच घेणार, म्हणून हे मापन तीनदा केलं. मग नमुना लगेच चकत्यांमध्ये.

जी-प्राइम ७ पास्कल.

८५ वरून ७. थेंब तेच, तेवढेच, तितक्याच दाटीचे. हा ७चा आकडा २ ग्रॅमच्या नमुन्याच्या ६ पास्कलशी जवळजवळ जुळतो, आणि त्या नमुन्यात मोकळे कण जेमतेम होते. थेंबांवरचे कण मिठामुळे एकमेकांना थोडे चिकटतात, थेंबांचे सैल झुबके होतात, त्यांची कमाई ही एवढीच.

पण काढून घेतल्याने पडलं म्हणजे परत दिल्याने उठलं पाहिजे. तिने तसेच धुऊन काढलेले, पण दुसऱ्या धुण्यातले आणि न वाळवता ठेवलेले, कण परत घातले. ७० पास्कल. पूर्ण ८५ नाही, त्याबद्दल पुढे. शेवटी आम्ही उलट टोक गाठलं: १ ग्रॅमचं इमल्शन, ३३ मायक्रोमीटरचे ऐसपैस थेंब, स्वतःचा ताठपणा २ पास्कल. तेल तेवढंच ठेवून त्यात १.७५ ग्रॅम कण नंतर मिसळले, होमोजिनायझर न लावता, नुसतं बाटली लोळवून. थेंब ३२वर राहिले. जी-प्राइम ६०. दुपटीहून मोठे थेंब, आणि ताठपणा तीस पट. थेंबाच्या आकाराची बाजू इथे संपली.

मग थेंब करतात तरी काय? तेलाशिवाय, तेवढ्याच खाऱ्या पाण्यात तेवढेच कण घातले तर जेल होतो, आणि त्याचा जी-प्राइम निघाला २० पास्कल. म्हणजे कणांचं जाळं एकट्याने २०, थेंबांसकट ८५. चौपट वाढ थेंबांचीच आहे, पण ती चेपून रेटण्यातून आलेली नाही. १४ मायक्रोमीटरच्या थेंबात लाप्लासचा दाब सुमारे १४ हजार पास्कल. २० पास्कलच्या जेलच्या मानाने तो थेंब म्हणजे दगड. काँक्रीटमध्ये खडी असते तसे हे थेंब त्या जाळ्यात भरलेले, आणि त्यांच्या अंगावर तेच कण असल्यामुळे जाळ्याला नीट पकडून बसलेले. मऊ जेलमध्ये ४० टक्के कडक, चिकटलेले गोळे भरले तर तो चारपाच पट ताठ व्हावा हे भरावाच्या नेहमीच्या सूत्रांतूनही येतं. सिमेंट कण, खडी थेंब. आम्ही तीन महिने खडी चाळत होतो.

मीठ, आणि राहिलेले पंधरा पास्कल

मीठ मुळात का घातलं होतं, हे विचारायला हवं. मीठ नसताना सिलिका ऋणभारित, तेलपाण्याची सीमाही ऋणभारित. कण सीमेपर्यंत पोचायलाच कुरकुरतात. थोडं मीठ घातलं की भार झाकला जातो, कण किंचित गठ्ठे करू लागतात आणि सीमेवर चांगले बसतात. किंचित गठ्ठे झालेले कण इमल्शन उत्तम टिकवतात हे ब्रिग्ज यांनी १९२१ सालीच दाखवलं होतं. म्हणजे थेंब टिकवण्यासाठी घातलेल्या मिठानेच मोकळ्या कणांचं जाळं विणलं. तिच्या मसुद्यात मिठाचा उल्लेख "साहित्य" या भागात एका ओळीत होता. आता त्यावर अख्खा परिच्छेद आहे.

रिओमीटरही हे सांगत होता, आम्ही ऐकलं नव्हतं. विरूपण हळूहळू वाढवत नेलं की ऊर्जा वाया जाण्याचा गुणांक, जी-डबल-प्राइम, एकदा उंच जाऊन खाली येतो. आमच्या ४ ग्रॅमच्या आलेखात त्याला उंटासारखे दोन उंचवटे होते: एक एखाद्या टक्क्याच्या विरूपणाला, दुसरा बराच पुढे. पहिल्यांदा कणाकणांतले बंध तुटतात, मग गठ्ठे एकमेकांच्या कचाट्यातून सुटतात. नुसत्या थेंबांच्या इमल्शनला अशी दोन पावलं टाकायचं कारण नव्हतं. धुतलेल्या नमुन्यात पहिला उंचवटा जवळजवळ गायब झाला. जुन्या आलेखावर त्या पहिल्या उंचवट्याशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "गोंगाट?"

राहिलं ते ७० आणि ८५ मधलं अंतर. कण तेच, वजन तेच, थेंब तेच, तरी परत घातलेलं जाळं मूळ जाळ्याइतकं ताठ होत नाही. माझा अंदाज मिसळण्याच्या क्रमावर आहे. मूळ नमुन्यात जाळं होमोजिनायझरच्या धुमश्चक्रीनंतर थेंबांच्या भोवती विणलं गेलं. परत घातलेले कण आधीच गठ्ठे होऊन आले आणि थेंबांमध्ये जागा मिळेल तिथे अडकले. शिवाय अशी जाळी वयाने ताठ होतात: चकत्या थांबवल्यावर पाच मिनिटांनी मोजलं तर एक आकडा, वीस मिनिटांनी मोजलं तर दुसरा. हे लक्षात आल्यापासून प्रत्येक नमुना आधी जोरात फिरवून त्याचा इतिहास पुसायचा आणि मग बरोबर दहा मिनिटं थांबायचं, असा शिरस्ता ठेवला आहे. त्याने पंधरा पास्कलचं कोडं सुटलं नाही, फक्त रोज तेवढंच यायला लागलं.

मसुद्याचं शीर्षक बदललं. थेंबाच्या आकारावरचा भाग आणि ती लॉगमधली सरळ रेघ दोन्ही काढली. विद्यार्थिनीला त्याचं वाईट वाटलं. तीन महिन्यांचं काम अर्ध्या पानात बसलं. आता ती मीठ आधी घालणं, नंतर घालणं आणि अर्धंअर्धं घालणं असे नमुने करते आहे. तिच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, दोन्हींत १४ मायक्रोमीटरचे थेंब. न धुतलेली पहिल्या दिवशी होती तशीच आहे. धुतलेलीच्या तळाचा तिसरा हिस्सा एका रात्रीत नितळ पाणी झाला, आणि त्यातून मागची चिठ्ठी वाचता येते.